संस्कृती कोसळल्यानंतरची कादंबरी वाचताना नेमके काय शोधावे? ('स्टेशन इलेव्हन'च्या निमित्ताने)

सावकाश वाचक (प्रश्न)

एमिली सेंट जॉन मँडेल यांची २०१४ साली प्रसिद्ध झालेली 'स्टेशन इलेव्हन' ही कादंबरी नुकतीच वाचून झाली, आणि ती आवडली की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही. 'जॉर्जिया फ्लू'च्या साथीत काही आठवड्यांत बहुतेक सगळी माणसे मरतात आणि त्यानंतर वीस वर्षांनी नट आणि वादक यांची एक फिरती मंडळी मिशिगन आणि ह्यूरॉन सरोवरांच्या काठच्या वस्त्यांमधून शेक्सपिअरची नाटके करत हिंडते, एवढे कथानक ठाऊक असल्यामुळे मी ती मोठ्या उत्सुकतेने हाती घेतली होती. वीज गेल्यावर, दुकाने रिकामी झाल्यावर, कायद्याला आणि पैशाला काही अर्थ उरला नाही तेव्हा माणसे कशी वागली, पहिला हिवाळा त्यांनी कसा काढला, नव्या वस्त्या कशा वसल्या, हे तपशिलाने वाचायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात पुस्तकाचा फार मोठा भाग आर्थर लिअँडर या सिनेनटाची लग्ने, घटस्फोट, त्याच्या घरची पार्टी आणि त्याच्या मागावर असणारे छायाचित्रकार यांतच खर्ची पडतो. हा मनुष्य तर साथ पसरण्याआधीच, पहिल्याच प्रकरणात, रंगमंचावर मरतो! उलट ज्या वर्षांत सगळा अनर्थ घडला ती वर्षे लेखिकेने जवळजवळ ओलांडूनच टाकली आहेत. कर्स्टन ही नायिका त्या वेळी आठ वर्षांची आहे आणि तिला ते पहिले वर्ष आठवतच नाही. ही विस्मृती मला लेखिकेच्या फारच सोयीची वाटली.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, सर्वांत कठीण काळ वगळणे ही अशा कादंबरीतली पळवाट मानावी की रचनेचा भाग? आर्थरचे एवढे पुराण कशासाठी? आणि असे पुस्तक व्यवहाराच्या कसोटीवर, म्हणजे 'हे असे खरोखर घडेल का' या प्रश्नावर, तपासणे योग्य आहे का, की साहित्यिक कादंबरीला तो प्रश्न विचारूच नये?

पानगळ (प्रतिसाद)

पुढील मजकुरात शेवटापर्यंतचे तपशील येणार आहेत, त्यामुळे ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी हा प्रतिसाद तूर्त बाजूला ठेवावा.

आर्थरपासून सुरुवात करतो, कारण त्याचे प्रयोजन कळले की वगळलेल्या वर्षांचे कोडे बरेचसे सुटते. टोरांटोमध्ये 'किंग लिअर'चा प्रयोग चालू असताना तो हृदयविकाराने कोसळतो, आणि त्यानंतर आपल्याला भेटणारे जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे पात्र कोणत्या ना कोणत्या धाग्याने त्याच्याशी बांधलेले आहे. कर्स्टन त्या नाटकातली बालकलाकार आहे, मिरांडा त्याची पहिली पत्नी आहे, क्लार्क त्याचा तरुणपणापासूनचा मित्र आहे, आणि त्याला वाचवण्यासाठी प्रेक्षकांतून उडी मारून रंगमंचावर धावणारा जीवन हा, ज्यांच्याबद्दल आपण तक्रार केली आहे, त्या छायाचित्रकारांपैकीच एकेकाळचा एक आहे. हाच माणूस वीस वर्षांनंतर एका लहान वस्तीत डॉक्टरच्या जागी उभा आहे. म्हणजे साथीपूर्वीच्या जगाचे चित्रण ही आठवणींची सजावट नसून, पुढे कोण कोणाच्या आयुष्यात काय घेऊन येणार आहे याची ती नोंदवही आहे. पार्टीच्या प्रकरणात दिसणारे काचेचे पेपरवेट पुढे हातोहात फिरत कर्स्टनकडे येते आणि ती ते वीस वर्षे पाठीवरच्या पिशवीत वाहते, जरी ज्या जगात प्रत्येक वस्तूचे वजन पावलागणिक जाणवते तिथे त्याचा काडीचाही उपयोग नाही.

आता वगळलेल्या काळाविषयी. आर्थर मेला त्या रात्री नाट्यगृहातल्या बारपाशी काही मंडळी त्याच्याविषयी बोलत बसलेली असतात. प्रकरण संपवताना लेखिका अगदी कोरड्या स्वरात सांगते की, त्या रात्री तिथे असलेल्यांपैकी जो सर्वांत जास्त जगला तो बारमागे उभा असलेला माणूस होता आणि तोही तीन आठवड्यांनी शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर मरण पावला. माझ्या मते सबंध महासाथीचे वर्णन या एका वाक्यात उरकलेले आहे, कारण बाकीचा हिशेब वाचकाला स्वतः करावा लागतो आणि तो केल्यावाचून राहवत नाही. पाठोपाठ, काय काय उरले नाही याची एक अपुरी यादी येते: दिव्यांच्या प्रकाशात चालणारे सामने, शहरे, विमाने, देशांच्या सीमा, पडद्यावरून जगाशी बोलणे. प्रेतांचे ढीग रंगवणे याहून सोपे होते आणि ते काम इतर पुस्तकांनी भरपूर केलेले आहे.

मात्र या कादंबरीचा खरा गाभा मला ज्या गोष्टीत दिसतो तिचा आपल्या प्रश्नात उल्लेखच नाही, म्हणून तिच्यावर थोडा रेंगाळतो. मिरांडा अनेक वर्षे खपून एक चित्रकथा काढते. तिच्यात चंद्राएवढे एक अंतराळस्थानक आहे, त्याचे कृत्रिम आकाश बिघडल्यामुळे तिथे कायमची सांजवेळ आहे, आणि तिथले काही लोक पृथ्वीवर परकी सत्ता असली तरी चालेल, पण आम्हाला घरी जायचे आहे असा हट्ट धरून बसले आहेत. या चित्रकथेच्या मोजक्याच प्रती छापल्या जातात. आर्थर आपल्याकडचा एक संच कर्स्टनला देतो आणि दुसरा आपल्या मुलाला, टायलरला. वीस वर्षांनंतर कर्स्टन ती पाने जिवापाड जपणारी नटी झालेली असते आणि टायलर हा वस्त्यांवर बंदुकीच्या जोरावर सत्ता गाजवणारा 'प्रेषित' झालेला असतो, ज्याच्या कुत्र्याचे नावसुद्धा त्या चित्रकथेतल्या कुत्र्याचेच आहे. विमानतळावर अडकलेल्या काळात हा मुलगा, ज्या विमानाचे दार रोगाच्या भीतीने कधी उघडलेच गेले नाही त्या विमानाजवळ उभा राहून आतल्या मृतांना बायबल वाचून दाखवत असे, आणि जे घडले ते काही कारणानेच घडले अशी त्याची समजूत होती.

मंडळीच्या गाडीवर आणि कर्स्टनच्या हातावर 'नुसते जगून राहणे पुरेसे नाही' अशा आशयाचे वाक्य आहे, जे मुळात 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या दूरचित्रवाणी मालिकेतले आहे. बहुतेक समीक्षणे त्या वाक्यावरच थांबतात, आणि मला ते वाक्य, खरे सांगायचे तर, जरा सुलभ वाटते. कला माणसाला तारते एवढेच कादंबरीला म्हणायचे असते तर टायलरची गरज नव्हती, कारण त्याच्याजवळही तेच पुस्तक होते. तेव्हा माझे सुचवणे असे की, 'जग कसे कोसळले' यापेक्षा 'मागच्या जगातले कोणाच्या हाती काय आले आणि त्याने ते कसे वाचले' हा प्रश्न घेऊन पुन्हा एकदा वाचून पाहावे. कर्स्टन आणि टायलर समोरासमोर येतात, तिच्यावर बंदूक रोखलेली असते आणि ती त्या चित्रकथेतले शब्द म्हणू लागते, तो प्रसंग या दृष्टीने वाचला तर तिथे नुसती चकमक उरत नाही.

जुना तंत्रज्ञ (प्रतिसाद)

वरील विवेचन आवडले, तरीही तिसऱ्या प्रश्नाला बगल दिली गेली आहे असे नम्रपणे नोंदवतो. साहित्यिक कादंबरी म्हटले की व्यवहाराची कसोटी गैरलागू ठरते हे मला मान्य नाही. लेखकाने परीकथा लिहिली असेल तर गोष्ट वेगळी, पण ज्या पुस्तकात विमानतळ, महामार्ग आणि औषधांची दुकाने आपल्याच जगातली आहेत त्याने त्या जगाचे नियमही पाळले पाहिजेत.

काही ठिकाणी लेखिकेने ते नेटके पाळले आहेत. पेट्रोल साठवून ठेवले तरी कालांतराने खराब होते, म्हणून मंडळीच्या गाड्या या इंजिने काढून टाकलेले आणि घोडे जुंपलेले जुने ट्रक आहेत, हा तपशील चोख आहे. विजेचे जाळेही तितक्याच लवकर बंद पडेल, कारण निर्मिती आणि वापर यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो आणि तो राखणारी माणसे कामावर आली नाहीत तर यंत्रणा स्वतःच्या रक्षणासाठी एकेक भाग तोडत जाते. पण त्यानंतर वीस वर्षे अंधार? विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा, म्हणजे चुंबक हलवून तारेत वीज निर्माण करण्याचा, शोध १८३१ सालचा आहे. तांबे आणि दंडचुंबक यांच्यापासून सुरुवात करण्याचीही गरज नाही, कारण रस्त्यात सोडून दिलेल्या प्रत्येक मोटारीत एक अल्टरनेटर, म्हणजे फिरवला की वीज देणारे यंत्र, बसवलेला आहे आणि वाहत्या ओढ्यावर लाकडी चाक बसवणे हे काम मध्ययुगीन सुतारालाही येत होते. कादंबरीत सायकल मारून लॅपटॉप चालवू पाहणारा एक गृहस्थ येतो, पण तो त्या विजेवर इंटरनेट शोधत बसतो. प्रसंग म्हणून हे करुण आहे, पण त्या माणसाला एखाद्या खोलीत दिवा लावावासा वाटू नये हे पटत नाही. शेवटी दूरवर एका गावात दिवे दिसतात तेव्हा मला आनंदाऐवजी 'एवढा उशीर का' असाच प्रश्न पडला.

माझा याहून मोठा आक्षेप संस्थांविषयी आहे. १९१८ च्या फ्लूची लागण जगातल्या सुमारे एकतृतीयांश लोकांना झाली आणि त्यात किमान पाच कोटी माणसे दगावली असा अंदाज आहे. चौदाव्या शतकातल्या प्लेगने युरोपातली एकतृतीयांश ते निम्मी लोकसंख्या काही वर्षांत नेली. तरीही त्याच काळात इंग्लंडच्या राज्यकर्त्यांनी १३४९ साली हुकूम काढून आणि १३५१ साली कायदा करून मजुरांची मजुरी साथीपूर्वीच्या दरावर रोखण्याचा खटाटोप केला, म्हणजे निम्मे गाव स्मशानात पोचले असतानाही न्यायालय, दंड आणि जमीनमालकाचा हिशेब शाबूत होता. कादंबरीतली साथ त्याहून अनेक पटींनी भयंकर आहे हे मान्य करूनही, माणसे मरण पावली की त्यांच्या सवयी, कागदपत्रे, कर्जे, भांडणे आणि हुद्दे हे सगळेच एका फटक्यात नाहीसे होते, हे मला इतिहासाशी विसंगत वाटते.

ज्यांना हा पदार्थांचा आणि व्यवस्थांचा हिशेब हवा आहे त्यांनी जॉर्ज आर. स्टुअर्ट यांची १९४९ सालची 'अर्थ अबाइड्स' जरूर वाचावी. तिच्यात साथीनंतर दिवे लगेच विझत नाहीत, नळाचे पाणी तर वर्षानुवर्षे येत राहते, मुंग्यांचा आणि मग उंदरांचा सुळसुळाट होतो आणि ओसरतो, आणि लेखक प्रत्येक गोष्ट कोणत्या क्रमाने निकामी होईल याचा विचार करतो. भाषा कुठे कुठे रुक्ष आहे आणि स्त्री-पात्रांच्या चित्रणात तो काळ दिसतो, पण हिशेबात हात आखडता घेतलेला नाही.

तळटीप (प्रतिसाद)

दोन्ही प्रतिसाद वाचून वाटले की 'अर्थ अबाइड्स'चा दाखला प्रत्यक्षात पहिल्या प्रतिसादाच्याच बाजूने जातो. स्टुअर्ट यांनी पाण्याचा आणि उंदरांचा हिशेब मांडला हे खरे, पण त्या पुस्तकात मनाला चटका लावणारा भाग वेगळाच आहे. नायक इश विद्यापीठाचे ग्रंथालय जपतो, पुढची पिढी एक दिवस ती पुस्तके उघडेल अशी आशा धरतो, आणि मुलांना वाचनात रसच नसतो. ज्या एका मुलावर त्याची सगळी भिस्त असते तो तापाने जातो. अखेरीस तो व्याकरण आणि भूगोल सोडून देतो आणि मुलांच्या हाती खेळणे म्हणून धनुष्यबाण देतो, कारण काडतुसे संपणार आहेत हे त्याला कळलेले असते. पुढे त्याच्या हातातला साधा हातोडा त्या वंशजांच्या लेखी पूजनीय वस्तू होतो आणि तो स्वतः, जुन्या 'अमेरिकन' लोकांपैकी शेवटचा म्हणून, अर्धा देव होऊन बसतो. ओढ्यावर चाक बसवता येईल की नाही हा प्रश्न तिथे गौण ठरतो, कारण ते बसवावे असे वाटणारा माणूसच उरत नाही. जुना तंत्रज्ञ यांच्या 'एवढा उशीर का' या प्रश्नाचे एक उत्तर तिथे मिळेल, जरी मँडेल यांनी ते स्वतः दिलेले नाही आणि त्यामुळे तंत्रज्ञांचा आक्षेप पुरता मोडीत निघत नाही.

संहाराचे कारण न सांगण्याच्या प्रथेचे टोक कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या 'द रोड'मध्ये दिसते. २००६ साली आलेल्या आणि पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालेल्या या कादंबरीत घड्याळे एक वाजून सतरा मिनिटांनी थांबली, जवळजवळ एवढाच संहाराचा वृत्तान्त आहे. बाप आणि मुलगा यांना नावेही नाहीत. बापाला एका बिघडलेल्या यंत्रात शीतपेयाचा एक डबा सापडतो आणि तो मुलाला पाजतो, हा प्रसंग वाचताना लक्षात येते की दोघे एकाच रस्त्याने चालत असले तरी एकाच जगात राहत नाहीत. बाप ज्या जगाच्या गोष्टी सांगतो ते मुलासाठी कधी अस्तित्वातच नव्हते. संहार कसा झाला हे कळले असते तर वाचकाचे लक्ष दोषी कोण याकडे गेले असते आणि ही दरी झाकोळली असती.

हा विषय आधुनिकांनीच काढला असेही नाही. महाभारतातल्या मौसलपर्वात यादवांचा संहार झाल्यावर अर्जुन द्वारकेतल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना घेऊन निघतो आणि वाटेत काठ्या घेतलेले लुटारू त्याच्यावर चालून येतात. गांडीवाला प्रत्यंचा चढवताना त्याची दमछाक होते, अस्त्रांचे मंत्र आठवत नाहीत, कधी न संपणारे बाण संपतात. कौशल्य तेच, माणूस तोच, पण ज्या व्यवस्थेत त्या कौशल्याला अर्थ होता ती संपलेली आहे. व्यासांनी तिथे युद्धाचे वर्णन अगदी थोडक्यात आटोपले आहे, हेही पाहण्याजोगे आहे.

वॉल्टर मिलर यांच्या 'अ कँटिकल फॉर लिबोविट्झ' या अणुयुद्धोत्तर कादंबरीचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून करतो. तिथला एक साधा भिक्षू प्राचीन काळच्या एका तांत्रिक आराखड्याची सोनेरी वेलबुट्टीसह नक्कल करण्यात पंधरा वर्षे घालवतो आणि तो आराखडा कशाचा आहे हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. जपणे आणि समजणे यांतले अंतर दाखवणारा याहून विनोदी, आणि त्याच वेळी याहून भयंकर, नमुना मला माहीत नाही. मिलर यांनी दुसऱ्या महायुद्धात माँटे कॅसिनोच्या मठावरील बाँबहल्ल्यात विमानदलातून भाग घेतला होता, हे ठाऊक असले की पुस्तकातला मठ नुसता कल्पनेतला वाटत नाही.

सावकाश वाचक (पुन्हा)

तिघांचेही आभार. दोन संच आणि दोन वाचक ही मांडणी माझ्या नजरेतून निसटली नव्हती, पण मी ती योगायोगाच्या खात्यात टाकली होती. आता विमानतळाची प्रकरणे आणि चित्रकथेचे उतारे पुन्हा वाचून पाहिले, तेव्हा ती रचना मुद्दाम केलेली आहे हे पटते. त्या विमानतळावर क्लार्कने थाटलेले संग्रहालय मात्र मला या वेळी जास्त महत्त्वाचे वाटले. तो बंद पडलेले फोन, उंच टाचांचे बूट, क्रेडिट कार्डे आणि पारपत्रे मांडून ठेवतो, आणि साथीनंतर जन्मलेली मुले ती बघतात. भूतकाळ मुलांना शिकवावा की नाही, शिकवल्याने ती शहाणी होतात की नुसतीच दुःखी, याविषयी कादंबरीतली मोठी माणसे जी चर्चा करतात ती मला मंडळीच्या नाटकांपेक्षा खरी वाटली.

पहिल्या वर्षाविषयी माझे मत तेवढे बदललेले नाही. लेखिकेने ते वगळण्याला कारण आहे हे मान्य, पण एका माणसाने एका ऋतूत काय पेरले, काय साठवले, कशाची भीती बाळगली हे वाचण्याची माझी भूकही खरी आहे. हाणामारी आणि टोळीयुद्धे नकोत. असे काही आहे का?

पानगळ (प्रतिसाद)

आहे. मार्लेन हाउसहोफर या ऑस्ट्रियन लेखिकेची 'डी वांड' ही जर्मन कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली आणि तिचा इंग्रजी अनुवाद 'द वॉल' या नावाने मिळतो. डोंगरातल्या शिकारघरात पाहुणी म्हणून आलेली एक मध्यमवयीन स्त्री सकाळी उठते तेव्हा दरीच्या तोंडाशी एक अदृश्य भिंत उभी असते आणि भिंतीपलीकडचे सर्व सजीव जागच्या जागी गोठलेले असतात. भिंत कोणी उभारली, का उभारली, याचा तिने अंदाज बांधून सोडून दिलेला आहे. बाकीचे पुस्तक म्हणजे बटाटे, गवताची कापणी, लाकूडफाटा, गाईचे बाळंतपण, कुत्रा, मांजर आणि शिकारीचा तिला येणारा मनस्वी तिटकारा. आपल्याला हवा असलेला ऋतू न् ऋतूचा हिशेब तिथे आहे, आणि तो ती जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहीत असल्यामुळे एकही ओळ उगाच आलेली नाही.

प्रकरणे पाडलेली नाहीत, त्यामुळे सलग काही तास हाताशी असताना सुरुवात केलेली बरी. पाळीव प्राण्यांचे मृत्यू ज्यांना वाचवत नाहीत त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, कुत्रा जाणार हे निवेदिका बरेच आधी सांगून टाकते आणि तरीही तो प्रसंग जड जातो.